तुरुंगातल्या माणसाची तक्रार : अर्ज कुणाकडे, कागद कोणते

येरवड्याला मुलाखत करून आलेले नातेवाईक बोलतात खूप, लिहीत काहीच नाहीत. ‘त्याला नीट ठेवत नाहीत हो’ एवढ्यावर कुणीही काही करत नाही. ‘मंगळवारपासून शुगरची गोळी मिळालेली नाही’ असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. म्हणून आधी टिपून घ्या : कैद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, बराक, काय घडलं आणि कोणत्या तारखेला. दवाखान्याची जुनी चिठ्ठी असेल तर तिची झेरॉक्स जोडा.

पहिला अर्ज तुरुंग अधीक्षकांना. प्रती दोन न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आजारपण असेल तर उत्तराची वाट पाहू नका, खटला चालू असलेल्या कोर्टातही त्याच दिवशी अर्ज टाका. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तहसीलच्या फेऱ्या वाचतात.

तुरुंगावर बाहेरची नजर ठेवायला अभ्यागत मंडळ असतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. जिल्हा न्यायाधीश आणि जिल्हाधिकारी पदसिद्ध, शिवाय सरकारनं नेमलेले अशासकीय सदस्य. बराकी पाहायच्या, जेवण पाहायचं, कैद्यांचं ऐकायचं आणि शेरा लिहून ठेवायचा, हे त्यांचं काम. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि वर ‘अभ्यागत या नात्याने’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर ती भलत्याच टेबलावर जाते. तुरुंगात जातीवरून काम वाटलं जात असेल तर तेही लिहा. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे मंडळ आणि विधी सेवा प्राधिकरण दोघांनाही त्यासाठी एकत्र तपासणी करायला सांगितलं आहे.

मंडळ आलं होतं का, शेरा काय मारला, पुढे काय झालं, हे माहिती अधिकारात मागता येतं. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांत. मुदत ३० दिवस. पण माहिती कुणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तास. तसं असल्यास अर्जाच्या मथळ्यातच लिहा.

एवढं करूनही हालचाल नसेल तर मुंबईचा राज्य मानवी हक्क आयोग. फी नाही, आणि कैद्याच्या वतीनं कुणीही, अगदी शेजारीही, तक्रार करू शकतो. तीच तक्रार दिल्लीच्या आयोगाकडेही पाठवू नका; राज्य आयोगापुढे असलेलं प्रकरण दिल्लीला चौकशीला घेता येत नाही. घटनेला वर्ष उलटलं तर आयोग चौकशी करत नाही. ती शिक्क्याची प्रत इथेही जोडायची आहे.