नैराश्यावरची गोळी: वय बदलले की मात्रा का बदलते

खानापूर, निपाणी, चिकोडी भागात एकाच रुग्णाचा रक्तदाबाचा इलाज बेळगावात आणि मनाच्या आजाराचा मिरजेला किंवा कोल्हापूरला चालू असणे नवीन नाही. अशा घरांत सुनेला गुण आलेली गोळी सासूबाईंनाही देऊन पाहण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा.

एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधाचेच पाहा. प्रौढांना ते साधारणपणे रोज 10 मिलिग्रॅम देतात आणि गरजेप्रमाणे 20 पर्यंत वाढवतात. उतारवयात मात्र हेच औषध शरीरातून सावकाश बाहेर पडते आणि तेवढ्याच गोळीने रक्तातले एकूण प्रमाण सुमारे दीडपट होते. म्हणूनच पासष्टीनंतर बहुतेक डॉक्टर 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि युरोपातील नियमांनुसार 10 च्या पुढे जात नाहीत.

याहून दुर्लक्षित धोका रक्तातील सोडियमचा आहे. एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातील औषधांमुळे वृद्धांचे सोडियम घसरू शकते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच. पहिल्या काही आठवड्यांत आजी गळून गेल्या, असंबद्ध बोलू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवून सोडियमची तपासणी करून घ्यावी. साध्या रक्ततपासणीत ते समजते.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे. नैराश्यासाठी आठ वर्षांपुढील मुलांना प्रामुख्याने फ्लुओक्सेटिन देतात, तेही बहुधा 10 मिलिग्रॅमपासून. काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसल्यावर अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये ठळक इशारा छापायला लावला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. म्हणून सुरुवातीला आणि मात्रा बदलताना झोप उडणे, बेचैनी, चिडचिड दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. औषधच नाकारणे हा मात्र उपाय नव्हे, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्यही जिवावर बेतते.

दोन गावांचे दोन डॉक्टर एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहून देऊ शकतात आणि नकळत मात्रा दुप्पट होते. तेव्हा चालू गोळ्यांची सगळी पाकिटे प्रत्येक भेटीत दोघांनाही दाखवावीत. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि बरे वाटू लागले तरी गोळी एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता होऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी. रात्री-अपरात्री मन फार खचले, तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.