दोन बेन्झीन आणि एक स्लाइड

कॉम्प्युटरवर रेणूंची गणितं करणाऱ्या एमएस्सी केमिस्ट्री प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला बरीच मुलं सुरुवातच मेथडच्या नावाने करतात, बी३एलवायपी (रेणूची एनर्जी काढायची एक मेथड), मग बेसिस सेट (इलेक्ट्रॉनचं वर्णन करायला वापरलेली फंक्शन्स), मग भलंमोठं टेबल, आणि समोरच्यांना शेवटपर्यंत कळत नाही की प्रश्न काय होता. माझं म्हणणं, आधी प्रश्न सांगा. समजा एवढाच, की बेन्झीनच्या दोन रिंगा एकावर एक ठेवल्या तर चिकटतात का? (डीएनएमधले बेस असेच एकावर एक रचलेले असतात, म्हणून हा प्रश्न साधा वाटला तरी मोठा आहे.)

हे घरी लॅपटॉपवरही करता येतं, ऑर्का सॉफ्टवेअर शिक्षणासाठी फुकट मिळतं. एक रिंग खाली, दुसरी बरोबर तिच्या डोक्यावर, मग अंतर ३ ते ६ आँगस्ट्रॉम थोडं थोडं वाढवायचं आणि दरवेळी एनर्जी काढायची. १ आँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.

नुसत्या बी३एलवायपीने काढलेला ग्राफ फक्त उतरत जातो, कुठे खड्डाच नाही, म्हणजे रिंगा एकमेकींना ढकलतायत. प्रत्यक्षात त्या चिकटतात, ३.९ आँगस्ट्रॉमच्या आसपास, मोलमागे साधारण पावणेदोन किलोकॅलरीने. म्हणजे ग्राफ चुकला, पण तुमचं इनपुट बरोबरच होतं. एका रिंगेतला इलेक्ट्रॉनचा ढग क्षणभर इकडे सरकला की दुसरीतलाही त्याच्या तालावर सरकतो, त्यातून बारीकशी ओढ तयार होते, तिला डिस्पर्शन म्हणतात, आणि तीच या मेथडला दिसत नाही. ज्या डीएफटीसाठी (इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून एनर्जी काढायची पद्धत) वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं त्याच घराण्यातली ही मेथड, तरी ही उणीव आहेच. स्टेफान ग्रिमे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डी३ ही दुरुस्ती दिली, इनपुटमध्ये एक शब्द वाढवला की त्याच ग्राफला खड्डा पडतो.

तर दोन्ही रेषा एकाच ग्राफवर काढा, डी३ नसलेली लाल, असलेली निळी, अक्षांवर युनिट लिहा, आणि शून्य म्हणजे रिंगा लांब असताना, हे तोंडाने सांगा. टेबल लागणारच नाही.

आणि एनर्जीच्या आकड्यांमधले ते चार चार दशांश प्लीज काढून टाका. रिअ‍ॅक्शनच्या बॅरिअरमध्ये (ती व्हायला ओलांडावी लागणारी एनर्जीची टेकडी) मोलमागे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला तर २५ अंशाला वेग दहापट बदलतो, आणि डीएफटी तेवढी सहज चुकू शकते, मग चौथा दशांश कशाच्या जोरावर सांगणार?

व्हायव्हात कुणी विचारलंच की डी३ का घातलं, तर ग्राफच्या स्लाइडवर परत जा आणि लाल रेषेवर बोट ठेवा.