मंडळी (मराठी ख्रिस्ती परंपरा)

एका ठिकाणी उपासनेला जमणाऱ्या, एका मेजावरून प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस) घेणाऱ्या आणि एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतात. मंडळीतली माणसे एकमेकांना बंधू-भगिनी मानतात.

या नात्याचे मूळ नव्या करारात आहे. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आला, तेव्हा येशू भोवती बसलेल्यांकडे पाहून म्हणाला, की देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच माझा भाऊ, बहीण आणि आई (मार्क ३:३१–३५). या यादीत वडील नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती जागा देवाची. म्हणून मंडळीत पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, मान असला, तरी तेही भावंडांतलेच एक. आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याने अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवले, तेही भाऊ म्हणून. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत मात्र सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत; त्यावर पौलाने कठोर शब्दांत ठपका ठेवला.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात या शिकवणीसाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झाले. बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, जात, सोयरे, पाणवठा सारे एका दिवसात तुटे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्यांच्यात जेवला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले, तरी त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून ब्रह्मवृंदात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू उचलून धरली. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० मध्ये झाला. मालमत्तेचा प्रश्न त्याने सुटला, पण आजारपणात उशाशी कोण बसणार आणि मयताला खांदा कोण देणार, हे प्रश्न मंडळीनेच सोडवले. नगर-जालना भागात महार आणि मांग समाजांतून आलेल्यांना वेगळीच गोष्ट लाभली: एका मेजावर, कोणी अंग न चोरता, शेजारी बसण्याची जागा.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हे कुटुंब अक्षरशः उभे राहिले. दुष्काळात आप्त गमावलेल्या मुली आणि घराबाहेर पडलेल्या विधवा तिथे एकत्र राहत, शिकत, राबत आणि प्रार्थना करत. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक संजीवनाची ख्याती देशाबाहेर पोहोचली.

रविवारच्या उपासनेत पापांगीकार, शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण आणि आशीर्वाद असा साधारण क्रम असतो. प्रभूची प्रार्थना सगळे एका आवाजात म्हणतात. तिची सुरुवातच ‘आमच्या’ पित्याला हाक मारून होते. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग आणि भजनांतून येशूला माउली म्हटले, आणि या घराला मराठी भक्तीचा सूर मिळाला. ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही अहमदनगरची. मात्र घरपणा खरा दिसतो तो उपासनेबाहेर: आठवड्यातल्या घरप्रार्थनेत, महिला मंडळात, दुःखी घरी रोज संध्याकाळी जमणाऱ्या माणसांत, आणि कापणीच्या सणाला. त्या दिवशी धान्य, भाज्या, कोंबड्या वेदीसमोर आणतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो.

१९७० मध्ये नागपूर येथे सहा चर्चसंस्थांचे ऐक्य होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. मिशनवार विभागलेल्या अनेक मराठी मंडळ्या त्यामुळे एका छत्राखाली आल्या. सोयरीक जुळवताना मात्र मूळ जात अजून विचारली जाते. प्रभुभोजनाच्या मेजावर जे मान्य झाले ते लग्नाच्या मांडवात पुरते पोहोचलेले नाही, ही या परंपरेतली सर्वांत दुखरी उणीव आहे.

कुटुंबाची वेस कुठे आखायची, हा प्रश्न टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस आणखी पुढे नेला. १९१७ मध्ये सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तिथे भाऊ किंवा बहीण होता. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाले.