फायरवॉलची वही

मागच्या आठवड्यात भोसरीत मित्राच्या वर्कशॉपवर गेलो होतो. पंधरा-वीस माणसं, आठ कॉम्प्युटर, एका मशीनवर टॅली. त्याने फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसणाऱ्या पहारेकऱ्याचं, कोटेशन पुढ्यात ठेवलं, मॉडेल फोर्टिगेट ६०एफ, वर ठळक अक्षरात वेग १० जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट). "आपली लाइन १ जीबीपीएसची, म्हणजे दहापट झाली ना, बास की!" असं त्याचं म्हणणं. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो, म्हणून आधी हा डबा आत काय करतो ते सांगतो.

सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं ना, तसंच फायरवॉलकडे एक टेबल, म्हणजे नोंदींची वही, असते. तुम्ही ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडली की १९२.१६८.१.२० या मशीनच्या, समजा, ५१५१४ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर) एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, बँकेच्या ४४३ पोर्टकडे निघतं. फायरवॉल पाच गोष्टी लिहून ठेवतो: दोन्हीकडचे आयपी (मशीनचे पत्ते), दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत, टीसीपी की यूडीपी वगैरे). बाहेरून काही आलं की तीच नोंद उलटी करून बघायची, जुळली तर आत, नाहीतर फेकून द्यायचं. म्हणजे कोणी बाहेरून आपणहून दार ठोठावलं तर त्याची नोंदच नसते, तो तिथेच संपला. टीसीपीमध्ये कनेक्शन जुळवायला सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक अशी तीन पावलं असतात, त्यामुळे कनेक्शन कुठवर आलंय तेही वहीत राहतं. यूडीपीत असं काही नसतं, तिथे नुसतं घड्याळ लावायचं. लिनक्समध्ये उत्तर आलं नाही तर ३० सेकंदांत ती नोंद पुसली जाते आणि जुळलेलं टीसीपी कनेक्शन गप्प बसलं तरी डीफॉल्टने ५ दिवस राहतं! वही येण्याआधीच्या फिल्टरना उत्तरं आत यावीत म्हणून १०२३ च्या वरचे पोर्ट सर्रास उघडे ठेवावे लागायचे. १९९४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने ही वहीची पद्धत बाजारात आणली, मला तरी ही कल्पना फारच सुंदर वाटते.

पण वहीत कोण कोणाशी बोलतंय एवढंच असतं, काय बोलतंय ते नाही. अकाउंटंटने खोट्या इन्व्हॉइसच्या लिंकवर क्लिक केलं तर कनेक्शन आतून निघालं, नोंद झाली, उत्तर सरळ आत आलं. ते पकडायला पॅकेट उघडून वाचावं लागतं, एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, असेल तर आधी डिक्रिप्ट करावं लागतं, आणि यात प्रोसेसरचा जीव जातो. त्याच ६०एफच्या डेटाशीटमध्ये खाली थ्रेट प्रोटेक्शनचा, म्हणजे अशी तपासणी चालू असतानाचा, आकडा आहे ७०० एमबीपीएस, म्हणजे मित्राच्या लाइनपेक्षाही कमी. घेताना हाच आकडा बघा. शिवाय दरवर्षीच्या लायसन्सचा खर्च आधीच विचारा, कारण ते संपलं की नवीन सिग्नेचर (नव्या व्हायरसच्या ओळखखुणा) येत नाहीत. लायसन्सचे पैसे नसतील तर जुन्या पीसीवर ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट चालतं, फक्त सांभाळणारा माणूस पाहिजे.

"एआयवाला आहे, हॅक होणारच नाही" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मशीनला लिंबू-मिरची बांधण्यात आणि यात मला फरक दिसत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून, आणि त्याचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आला होता, म्हणजे जादूपेक्षा वेळेवरचा अपडेट कामाचा.

मित्राच्या राउटरवर तर घरून टॅली बघता यावं म्हणून ३३८९ पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा) थेट इंटरनेटला उघडा होता, म्हणजे वहीत नोंद नसलेल्यालाही आत सोडायचा कायमचा हुकूमच दिलेला. कोटेशन बाजूला ठेवून आम्ही आधी तो बंद केला. आता नवा फायरवॉल येईल तेव्हा व्हीपीएन (घरून ऑफिसपर्यंतची सुरक्षित वाट) लावू, तोवर टॅली ऑफिसातच.