मटणाचं लाल पाणी आणि वासराचं पांढरं मांस

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात मटणाची पिशवी घरात आली की ती सरळ सिंकमध्ये उतरते. नळ सोडायचा, तुकडे चोळायचे, लाल पाणी ओतून द्यायचं आणि पाणी निवळेपर्यंत तीन-चार वेळा हेच करायचं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असलं तरी या कामात कोणी हात आखडत नाही. का धुता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: रक्त निघायला हवं.

ते रक्त नसतंच म्हटलं तरी चालेल. जनावर कापताना बरंचसं रक्त वाहून जातं, उरलेलं मुख्यतः काळजासारख्या अवयवांत राहतं आणि स्नायूंत अगदी थोडं. पाणी लाल करतं ते मायोग्लोबिन. स्नायूंमध्ये प्राणवायू साठवून ठेवणारं हे प्रथिन, त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. ताज्या कापावर ते जांभळट दिसतं, हवा लागली की लालभडक होतं आणि बराच वेळ उघडं राहिलं की तपकिरी. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. तुकडे पडले की त्यातलं थोडं हे प्रथिन घेऊन झिरपतं. चार पाण्यांनी धुतलं तरी पाचव्यात थोडी लाली उतरतेच, कारण ती मळाची नाहीच.

धुण्याने चवीचंही नुकसान होतं. रश्शाला खमंगपणा येतो तो मटण तेलात परतताना, पृष्ठभाग 140 अंशांच्या पुढे गेल्यावर. ओल्या तुकड्यांवरचं पाणी आटेपर्यंत तापमान 100 च्या वर जात नाही, म्हणजे मटण परतलं जाण्याऐवजी उकडतं.

जंतूंचं काय? इथे मटण आणि चिकन वेगळं धरायला हवं. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जंतू सहज राहतात. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41-42 अंश असतं आणि कॅम्पिलोबॅक्टरला नेमकं तेच मानवतं. सोलताना, आतडं काढताना ते कातडीवर येतात आणि पिसांच्या छिद्रांत बसतात. पाण्याने सुटतात ते वरवरचे, चिकटलेले तिथेच राहतात. लिंबू, व्हिनेगर किंवा हळद-मीठ लावल्याने वास कमी होतो, चव येते. पण जंतूंचा बंदोबस्त होईल इतका त्यांचा जोर नसतो. तो चुलीवरच होतो. चिकनचा सर्वांत जाड भाग 74 अंशांना पोचला की काम झालं. कुकरमध्ये शिट्टी होईपर्यंत आतलं तापमान 120 च्या आसपास गेलेलं असतं, त्यामुळे रश्शाच्या मटणाची काळजीच नको.

काळजी करायची ती शेजारच्या कोशिंबिरीची. नळाची धार जितक्या उंचावरून पडते तितकं शिंतोडे उडण्याचं प्रमाण वाढतं. 2022 मध्ये द्रवयांत्रिकीच्या अभ्यासकांनी नळाखाली कोंबडी धरून हेच तपासलं. मांस मऊ असल्याने धारेखाली त्याला खळगा पडतो आणि खळग्यातून पाणी अधिक उसळतं, असं त्यांना दिसलं. थेंबांबरोबर जिवंत जंतूही उडत होते. कॅम्पिलोबॅक्टरचे पाचशे-आठशे जंतूही माणसाला आजारी पाडू शकतात. एवढे मावायला एक थेंब पुरतो. लक्षणं दिसतात दोन ते पाच दिवसांनी. बुधवारी पोट बिघडलं तर रविवारच्या काकडीवर कोण संशय घेणार?

2019 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाबरोबर एक प्रयोग केला. चिकनवर निरुपद्रवी खुणेचे जंतू लावले आणि लोकांना त्याचा पदार्थ आणि सोबत सॅलड करायला सांगितलं. धुणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जंतू सापडले. सिंक साफ केल्यावरही 14 टक्क्यांच्या सिंकमध्ये ते होतेच. सॅलडपर्यंत ते पोचले 26 टक्क्यांच्या बाबतीत. आता गंमत पाहा: ज्यांनी चिकन धुतलंच नाही, त्यांच्यातही 31 टक्क्यांच्या सॅलडमध्ये ते निघाले. म्हणजे नळ बंद ठेवला की सुटलो, असं नाही. हात, विळी, पाट आणि पुसायचं फडकं हेही वाटेकरी आहेत. आपल्याकडची खास चूक म्हणजे ज्या विळीवर चिकनचे तुकडे नीट केले, ती नुसती विसळून तिच्यावरच कोथिंबीर चिरायची. ती रश्शावर वरून पडते, कच्चीच.

तरीही ‘अजिबात धुऊ नका’ हा पाश्चात्त्य सल्ला आपल्या बाजाराला जसाच्या तसा लागू पडत नाही. तो बंद पाकिटातल्या मांसासाठी आहे. आपल्याकडे लाकडी ओंडक्यावर सत्तूर चालतो, त्यामुळे तुकड्यांना हाडाचा चुरा, ओंडक्याचा भुसा, कधी केस लागलेले असतात. ते काढायलाच हवेत, फक्त धारेखाली नाही. आधी कोशिंबीर, कोथिंबीर, लिंबू चिरून झाकून दूर ठेवा. सिंकमधली भांडी काढा. खोल पातेल्यात अर्ध्याहून कमी पाणी भरून नळ बंद करा, मग तुकडे हळूच सोडा आणि पाण्याखालीच बोटाने चुरा सोडवा. पाणी ओतताना पातेल्याची कड सिंकच्या तळाला टेकवा. एकदा पुरे. तुकडे कागदाने टिपा, तो कागद लगेच कचऱ्यात. हात साबणाने 20 सेकंद. सिंक, नळाची मूठ आणि विळी आधी साबणाने घासायची आणि मगच ब्लीच लावायचं. 4 लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलीटर. हा क्रम उलटा केला तर ब्लीचचा जोर चरबी आणि मांसाच्या कणांवरच संपतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दुकानातून निघालेलं मांस तासाभरात फ्रिजमध्ये किंवा चुलीवर गेलं पाहिजे. धुण्यावर पंधरा मिनिटं घालवणारे याबाबत मात्र निवांत असतात.

रंग आणखी एका ठिकाणी फसवतो. पूर्ण शिजलेल्या चिकनच्या हाडाजवळ गुलाबी डाग दिसतो आणि पाहुणा ताट बाजूला सारतो. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतो, त्याची हाडं अजून सच्छिद्र असतात आणि मगजातला रंग बाहेर झिरपतो. थर्मामीटरने 74 दाखवलं असेल तर तो डाग खुशाल खा.

लाल रंग नकोसा वाटण्याचं टोक पाहायचं तर युरोपात जायला हवं. व्हील म्हणजे वासराचं मांस. तिथे ते जितकं फिकट तितकं उंची मानलं गेलं. वासराच्या मांसात ग्रॅममागे साधारण 2 मिलिग्रॅम मायोग्लोबिन असतं, वाढत्या गुरात 8 च्या आसपास. वासरू मोठं होऊ द्यायचं पण मांस लाल होऊ द्यायचं नाही, यासाठी त्याला लोह कमी असलेलं दूधच पाजत राहायचं आणि चारा द्यायचा नाही. चाऱ्याशिवाय पहिलं पोट, ज्यातून रवंथ होतो, वाढतच नाही. अशी वासरं लाकूड चघळतात, नुसतीच जीभ फिरवत राहतात. त्यात त्यांना वळताही येणार नाही इतक्या अरुंद खोक्यात ठेवायची पद्धत होती. ब्रिटनने ती 1990 मध्ये बंद केली, युरोपीय संघात 2007 पासून बंदी आली. तिथल्या नियमानुसार दोन आठवड्यांवरच्या वासराला रोज तंतुमय चारा द्यावा लागतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे सरासरी 7.2 ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. हा आकडाही काही निरोगीपणाचा नाही. पांढऱ्या मांसाचा धंदा चालू राहील एवढी जागा त्यात ठेवलेली आहे, असं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

मध्य प्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे इथे हा प्रश्न परका वाटतो. पण व्हीलचा धंदा उभा राहिला तो दुग्धव्यवसायाच्या मागच्या दारात. गाय दूध देते ती व्यायल्यावर, आणि वेतातली निम्मी वासरं नर असतात. युरोपात त्यांचं व्हील झालं. आपल्याकडे गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. आता शेतात ट्रॅक्टर आहे. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातल्या गायी 18 टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-गोऱ्हे 30 टक्क्यांनी घटले. जन्माला तर दोन्ही निम्मे निम्मेच येतात. ही तफावत कुठे गेली, हे रस्त्यावर सोडलेली आणि पोटभर दूध न मिळालेली वासरं पाहिली की थोडंफार कळतं. इंदूरच्या सराफ्यातली रबडी खाताना व्हीलवाल्यांना नावं ठेवणं जरा जड जायला हवं.

एक उपाय प्रयोगशाळेत तयार आहे. बैलाच्या वीर्यात एक्स गुणसूत्राच्या शुक्रपेशीत वाय गुणसूत्राच्या पेशीपेक्षा सुमारे 3.8 टक्के जास्त डीएनए असतो. त्याला चमकणारा रंग लावून लेझरखाली पेशी वेगळ्या केल्या की दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. अडचण अशी की या छाननीत शुक्रपेशी थकतात, अशा वीर्याची कांडी महाग पडते आणि गर्भधारणेचं प्रमाण थोडं कमी राहतं. म्हणून गर्भ सहज धरणाऱ्या पहिलटकर कालवडींनाच ती वापरणं परवडतं.

जो गोऱ्हा जन्मलाच, त्याच्यासाठी पहिले सहा तास महत्त्वाचे. आईची प्रतिपिंडं वासराला गर्भात मिळत नाहीत, ती फक्त चिकातून येतात आणि 24 तासांनंतर आतडं ती शोषून घेणं बंद करतं. वजनाचा दहावा हिस्सा चीक, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, वेळेत पोटात जायला हवा. गोऱ्हा म्हणून तो कमी पाजला जातो आणि पहिल्या दिवसाचा घट्ट चीक खरवसासाठी गवळ्याकडून घरोघर पोचतो. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस छान जमतो. तो पातळ असतो, म्हणून त्यात साधं दूध कमी मिसळायचं आणि थोडा जास्त वेळ वाफवायचं.