स्टेअरिंग चार मिनिटं पुढं

मागच्या वर्षी दाजींनी एक जुनी 17 सीटर घेतली, आतल्या सीटा काढून दोन बाक, छोटा ओटा, बाकाखाली पाण्याची टाकी, टपावर सोलर असं सगळं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये बसवून घेतलं आणि झालं आमचं मोटरहोम. पहिली ट्रिप भिगवणला, फ्लेमिंगो बघायला. पुणे रोडला लागलो, मोहोळ मागं पडलं, आणि माझ्या लक्षात आलं की गाडी नाकासमोर चाललीय पण स्टेअरिंग वाकडं आहे. वरचा मार्क घड्याळातल्या बारावर पाहिजे, तो बारा वाजून चार मिनिटांवर. दाजी म्हणाले, "सरळ जातीय ना गाडी? मग बघ की पुढं."

भिगवणपर्यंत पुढंच बघितलं. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता, की गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं हे एकाच वेळी खरं कसं असतं?

असतं, कारण सरळ म्हणजे काय हे स्टेअरिंग ठरवतच नाही. ते ठरवतात पुढची दोन चाकं आणि खालचा रस्ता. सायकलचा पुढचा चिमटा आठवा, तो थोडा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ धावते. मोटारीत चाक ज्या पिनेवर वळतं ती पण अशीच मागं कललेली असते, त्याला कॅस्टर म्हणतात, त्यामुळं चाकं आपापली सरळ व्हायला बघतात, आणि दोन चाकं एका दांड्यानं बांधलेली असल्यामुळं दोघांची ओढ जिथं सारखी होते तिथं जाऊन थांबतात. त्या जागेला स्टेअरिंग जिकडं असेल तिकडं असेल. म्हणजे ते तराजूच्या काट्यासारखं झालं, काटा वाकडा दिसला म्हणून काट्यालाच हातोडी मारायची नसते.

बैलगाडीला ही भानगडच नाही, बैल वळले की गाडी वळली. युरोपातल्या घोडागाड्यांचा पुढचा अख्खा कणा मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. प्रत्येक चाक आपापल्या पिनेवर वेगळं वळवायची युक्ती म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं काढली आणि 1818 मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं अकरमन यांनी, त्यामुळं नाव त्यांचंच चिकटलं. चाकं वेगळी झाली तसे त्यांना जोडायला दांडे आले, आणि दांडा म्हटलं की कमीजास्त लांबी आलीच.

आमच्या गाडीत असे दांडे दोन. एक टायरॉड, तो डाव्या चाकाला उजव्या चाकाशी बांधतो आणि दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडं किती झुकलेली आहेत ते ठरवतो, गॅरेजवाले त्याला टो म्हणतात. दुसरा ड्रॅग लिंक, तो स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगच्या शाफ्टखालची गिअरची पेटी) आर्मपासून, म्हणजे पेटीतून बाहेर आलेल्या हातापासून, एका चाकापर्यंत जातो. ड्रॅग लिंक लांब किंवा आखूड केला तर दोन्ही चाकं तशीच सरळ राहतात, फिरतं फक्त स्टेअरिंग. अखंड एक्सल असलेल्या जुन्या जड गाड्यांत बहुतेक हीच रचना. कारमध्ये बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे डावी-उजवी सरकणारी दात्यांची पट्टी असते, तिथं दोन्ही बाजूला टायरॉड असतात, एक जेवढा वाढवला तेवढाच दुसरा कमी करावा लागतो, नाहीतर टो बिघडतो आणि दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये टायरची एक कड किसणीवर धरल्यासारखी जाते.

आता गंमत म्हणजे चूक किती बारीक पुरते ते बघा. समजा बॉक्सचा आर्म 18 सेंटिमीटरचा आहे, तर ड्रॅग लिंकच्या लांबीत 1 मिलिमीटर फरक पडला की आर्म साधारण एक तृतीयांश अंश फिरतो. आणि बॉक्सचं प्रमाण 18 ला 1 धरलं (स्टेअरिंग 18 अंश फिरलं की आर्म 1 अंश) तर वर स्टेअरिंग फिरतं जवळजवळ 6 अंश. घड्याळात 1 मिनिट म्हणजे पण 6 अंशच. म्हणजे खाली 1 मिलिमीटर, वर 1 मिनिट! आमची 4 मिनिटं म्हणजे खाली फक्त 4 मिलिमीटरचा घोळ, चष्मा लावूनसुद्धा दिसणार नाही असा.

ट्रिपवरनं आल्यावर फुकट सल्ल्यांना सुरुवात झाली. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, स्टेअरिंग खोला, दोन दाते फिरवून सरळ बसवा, पाच मिनिटांचं काम. शाफ्टवर समजा 36 दाते असले तर एक दाता 10 अंशाचा, म्हणजे 24 अंश त्यात नीट बसत पण नाहीत, पण खरी अडचण ती नाही. जुन्या पद्धतीच्या स्टेअरिंग बॉक्समध्ये गिअर अगदी मध्यावर असतात तेव्हाच एकमेकांत घट्ट बसलेले असतात, बाजूला गेलं की मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते. आपण सगळ्यात जास्त वेळ सरळच चालतो ना, म्हणून घट्टपणा मध्यावर. नुसतं चाक काढून सरळ बसवलं तर बॉक्स आयुष्यभर मध्य सोडून चालणार, हायवेवर ती ढिलाई हाताला जाणवणार, काही गाड्यांत इंडिकेटर एका बाजूला आपोआप लवकर बंद होणार आणि दुसऱ्या बाजूला होणारच नाही. एअरबॅगवाल्या गाडीत तर स्टेअरिंगखाली गुंडाळलेली पट्टी असते, ती जास्त फिरली तर तुटते. आणि स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीला वाकडं स्टेअरिंग म्हणजे वळण वाटतं, काम झाल्यावर स्कॅनर लावून त्याचा शून्य परत शिकवावा लागतो.

खरं कारण सापडायच्या आधी खोटी कारणं बाजूला काढावी लागतात आणि सोलापुरात त्यातलं मोठं म्हणजे वारा. पावसाळ्यात आपल्याकडं नैऋत्येचा वारा असतो आणि पुणे रोड जातो वायव्येला, म्हणजे जाताना वारा डाव्या अंगावर, येताना उजव्या. मोटरहोमची बाजू धरा 6 मीटर लांब, अडीच मीटर उंच. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात अशा सपाट भिंतीवर अंदाजे 90 किलोचा जोर येतो. दुसरं कारण रस्त्याचा उतार. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला साधारण 2 टक्के उतरता असतो, साडेतीन टनाची गाडी त्यावर डावीकडं 70 किलोच्या जोरानं घसरू बघते आणि आपण नकळत उजवीकडं धरून चालवतो. पण या दोन्हीत हात सोडला की गाडी ओढते, आमची ओढत नव्हती. ओढत असती तर मी आधी टायरची हवा बघितली असती आणि मग पुढचे दोन टायर आपसात बदलून बघितले असते, ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

अलाइनमेंटवाल्याकडं गेलो, त्यानं कॉम्प्युटरवर टो दाखवला, सगळं हिरवं, म्हणाला "मालक, गाडी ओके आहे." टोच्या बाबतीत त्याचं खरंच होतं. पण टो झाल्यावर ड्रॅग लिंकला हात लावायचा असतो तो त्यानं लावला नाही. आणि पॉवर स्टेअरिंगची गाडी असेल तर इंजिन चालू करून, स्टेअरिंग दोन्हीकडं हलवून, मध्यावर आणून मगच स्टेअरिंग धरून ठेवणारा क्लॅम्प लावायचा असतो, इंजिन बंद ठेवून लावला तर तो मध्य खरा नसतो.

शेवटी कामाला आले आमच्या गल्लीतले काका. ते तीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, टॉवेलच्या कारखान्यात. ते म्हणाले, ताण्याचा बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) सरळ बसला नसेल तर कापडाचा एक काठ सैल पडतो, आणि लोक बघत बसतात काठाकडं. "मागचा एक्सल बघितलास का रे?" नव्हता बघितला. काकांनी ओळंबा घेतला, चारी चाकांच्या मध्यातनं जमिनीवर खडूनं खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि सुतळीनं पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर मोजलं (सोलापुरात बाकी कशाचा असेल, सुतळीचा तोटा नाही). डाव्या आणि उजव्या बाजूत 8 मिलिमीटरचा फरक. पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) एक्सल बांधणारे यू-बोल्ट ढिले होऊन मागचा एक्सल एका बाजूला सरकला होता, गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालत होती आणि पुढची चाकं तेवढीच तिरकी होऊन तिला सांभाळून घेत होती. हिशोब केला, चाकांमधलं अंतर 1.7 मीटर, म्हणजे तिरकेपणा पाव अंशाच्या आसपास, गुणिले 18, स्टेअरिंगवर 5 अंश. जवळजवळ एक मिनिट!

उरलेली तीन मिनिटं ड्रॅग लिंकमध्ये सापडली. गाडी घ्यायच्या आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये त्याचा एंड, म्हणजे टोकाचा आट्यांचा सांधा, बदलला होता, नवा एंड जुन्याएवढा आत बसवला नव्हता, दोन आटे बाहेर राहिले होते. दीड मिलिमीटरचा आटा, दोन आटे म्हणजे 3 मिलिमीटर. एक्सल जागेवर आणून यू-बोल्ट आवळले, मग मिस्त्रीनं स्टेअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिरवून वेढे मोजले, अर्ध्यावर आणून बॉक्सचा मध्य पकडला, ड्रॅग लिंकचे क्लॅम्प ढिले केले. मधल्या नळीला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे, त्यामुळं एक वेढा दिला की दोन्हीकडनं मिळून 3 मिलिमीटर. आधी नळीवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली, कारण कुठल्या दिशेला फिरवायचं हे गाडीगणिक बदलतं, चुकलं तर परत यायला खूण पाहिजे. अर्धा वेढा, सपाट आवारात एक चक्कर, परत अर्धा वेढा, परत चक्कर. मग क्लॅम्प आवळून स्प्लिट पिना नव्या घातल्या. हे काम गाडी नुसत्या जॅकवर ठेवून करू नका आणि सवय नसेल तर स्वतः करूच नका, पिन निसटली तर स्टेअरिंग हातात आणि चाकं वाटेल तिकडं.

एक मात्र मिस्त्रीनं सुरुवातीलाच विचारलं होतं, टाकी भरलीय का. आम्ही म्हटलं, रिकामी आहे. तर म्हणाला भरून आणा, भांडी, गाद्या, सिलेंडर सगळं ठेवून आणा. कारण वजनानं पाटे दबले की एक्सल खाली-वर आणि थोडा पुढं-मागं होतो, ड्रॅग लिंकचं टोक मात्र बॉक्सला बांधलेलं, त्यामुळं मोकळ्या गाडीवर सरळ केलेलं स्टेअरिंग भरल्या गाडीत परत वाकडं. आम्ही शंभर लिटर पाणी, म्हणजे शंभर किलो, भरून परत गेलो.

आता भरल्या गाडीत स्टेअरिंग बरोबर बारावर असतं. पाणी संपत आलं की अर्धा-एक मिनिट डावीकडं सरकतं, आणि दाजी परवा तुळजापूरहून येताना स्टेअरिंगकडं बघून म्हणाले, "टाकी संपत आलीय रे, पंपावर थांब जरा."