दगडाचं वय आणि कार्बन डेटिंग: जरा खुलासा

"कुठलाही दगड लॅबमध्ये द्या, कार्बन डेटिंगने वय सांगतात" हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे, शाळेत आपण नाव तेवढं एकच ऐकलेलं असतं. पण ज्यावरून हे वय काढतात तो किरणोत्सारी कार्बन-14 दर 5730 वर्षांनी निम्मा होतो, कॅल्क्युलेटरवर नऊ वेळा निम्मं करून बघा, साधारण 51 हजार वर्षांत पाचशेवा हिस्सापण उरत नाही, म्हणजे त्याहून फार जुन्या गोष्टींना ही पद्धत चालत नाही.

मग कोट्यवधी वर्षं जुन्या वाळूच्या खडकाचं काय? त्यात अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात, कणात किंचित युरेनियम, त्यातला एखादा अणू आपोआप फुटला की स्फटिकात साधारण 16 मायक्रॉनचा ओरखडा पडतो. कण पॉलिश करून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये काही सेकंद बुडवला की मायक्रोस्कोपखाली ते ओरखडे चक्क मोजता येतात, आणि युरेनियम किती व ओरखडे किती यावरून वय काढतात.

गंमत म्हणजे हेही बरेचदा दगडाचं वय नसतंच! साधारण 60 डिग्रीच्या वर ओरखडे आखूड व्हायला लागतात, 110-120 च्या आसपास पुसलेच जातात. ऑस्ट्रेलियातल्या ओटवे बेसिनमध्ये खणलेल्या खोल बोअर विहिरींत खडक क्रेटेशियस म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला, तरी खोल जाल तसं हे 'वय' घटत घटत शून्यावर येतं, कारण खाली उष्णता जास्त. म्हणजे खडक किती तापला, कधी थंड झाला याची ती नोंद आहे, आणि खनिज तेलही साधारण याच तापमानात तयार होतं म्हणून तेल शोधणाऱ्यांना त्यात एवढा रस.

पुढच्या वेळी दगडाचं वय वाचलंत तर आधी पद्धत कुठली आणि खनिज कुठलं ते बघा.